उंबरठ्याचा फासा

"ही लिंबूटिंबू आहे रे! हिला धरलं तरी औट नाही!"

गल्लीच्या तोंडाशी उभं राहून, दोन्ही हातांचा कर्णा करून दादा ओरडायचा. त्याचा आवाज तेव्हा नुकता फुटू लागलेला; 'लिंबू' जाडंभरडं निघायचं आणि 'टिंबू' चिरकत वर जायचं. पाच वर्षांची ती जीव खाऊन पळायची. कुणी पाठीत धपाटा घालून धरलं की धापा टाकत थांबायची. झालं, आता आपण औट, आता आपणही त्या भिंतीला टेकून बाकीच्या औट झालेल्यांत पाय पसरून बसणार! आणि खेळ तिला वळसा घालून पुढं निघून जायचा, जसं काही तिला वाऱ्यानंच धरलं होतं. एकदा तर तिनं भर रस्त्यात फतकल मारली आणि भोकाड पसरलं, "मला पण औट करा ना!" पोरं हसून हसून लोळली.

त्याला शेहेचाळीस वर्षं झाली. टिंबू कधीच गळून पडलं, लिंबू तेवढं राहिलं. दादासाठी ती अजून लिंबूच, आणि त्याचं ऐकून सगळ्यांसाठीच. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासते. गल्लीतली अर्धी माणसं तिनं घासलेल्या काचांतून जग बघतात आणि उरलेली अर्धी, तिच्या मते, बघत नाहीत, नुसती चाचपडतात.

रविवारी दुकान बंद. पण दुपारी तीनच्या ठोक्याला शटर अर्ध्यावर येतं, खालून वाकून माणसं आत शिरतात आणि फ्रेमांच्या काउंटरमागच्या लांब टेबलाभोवती खेळ मांडला जातो. खेळ साधा. प्रत्येकापुढं एक कागद. त्या कागदावर एक पात्र: त्याचं नाव, ताकद, अक्कल, पिशवीत काय काय आहे ते. लिंबू सूत्रधार. ती सांगणार, 'समोर गुहा आहे, आतून घोरण्याचा आवाज येतोय.' खेळणाऱ्यानं सांगायचं, आपलं पात्र आत जातं की शेपूट घालतं. आणि जिथं अडेल तिथं फासा सांगेल ते खरं. फासा वीस बाजूंचा, लिंबाएवढा मोठा. टेबलाभोवतीचे बहुतेक डोळे चाळिशी ओलांडलेले, म्हणून मुद्दाम तेवढा.

पात्राला मरण होतंच. त्याचा नियम लांबोड्या वहीत सहाव्या कलमात लिहिलेला होता. पात्राचा जीव शून्यावर आला की ते उंबरठ्यावर. मग फासा. अकरा किंवा वर पडला तर एक पाऊल आत, दहा किंवा खाली पडला तर एक पाऊल बाहेर. आतली तीन आधी झाली तर उठून बसायचं, बाहेरची तीन झाली तर कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. डब्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं होतं: स्वर्ग.

स्वर्गात सर्वात जास्त वस्ती पोस्टमनची. त्याच्या पात्राचं नाव कायम शूरसिंगच, फक्त आकडा बदलायचा. सध्या बारावा चालू होता. "वरती माझी अख्खी गल्ली झालीय," तो म्हणायचा. "टपाल वाटायला मीच जाईन."

वही वहिनीच्या अक्षरातली. दादाची बायको औषधांच्या दुकानात होती. जन्मभर डॉक्टरांची किरटी अक्षरं वाचून वाचून तिनं स्वतःचं अक्षर हट्टानं मोत्यासारखं ठेवलं होतं. खेळाचं वेड तिचंच. तिनंच नणंदेला सूत्रधार केलं, तिनंच वही घातली, आणि तिनंच आपलं पात्र उभं केलं: ठिणगी. गटाच्या पुढं कंदील घेऊन चालणारी, उंची जेमतेम चार फूट. कागदावर 'वय' या रकान्यात लिहिलेलं: विचारू नये. 'स्वभाव' या रकान्यात: उकळता. आणि खाली कोपऱ्यात, अंधारात शिरताना ठिणगी म्हणते ती दोन ओळींची ओवी:

पुढं माझा कंदील गं, मागं माझी माणसं
अंधारा रे, सरकून घे, अंग चोर जरासं

वहिनी ती ओवी गात नसे, दटावत असे. मग स्वतःच खदाखदा हसायची, आणि तिचं हसणं एकदा सुटलं की शूरसिंग कितवाही असो, त्याचा नेम चुकायचाच.

दादा तेव्हा खेळायला येत नसे. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, मिशा झाडूसारख्या, बोलणं मोजकं. बरोबर सहाला शटरबाहेर स्कूटरचा हॉर्न दोनदा वाजायचा. "आला माझा गजर," म्हणत वहिनी कागद आवरायची. बाहेर जाऊन म्हणायची, "अहो, आत तरी या एकदा." तो म्हणायचा, "पुढच्या रविवारी." सात वर्षं पुढचा रविवार आलाच नाही.

मग एका बुधवारी, जेवणानंतर डबा विसळता विसळता, वहिनी गेली. कुणाला काही सांगायला सवड मिळाली नाही, तिला नाही, बाकीच्यांना नाही.

पुढचे चार महिने दादा फक्त लिफ्टशी बोलला. शेवटी एका रविवारी लिंबूनंच त्याला ओढत आणलं, टेबलाशी बसवलं आणि ठिणगीचा कागद पुढं ठेवला. वाटलं होतं, हा नुसता बघत बसेल. त्यानं कागद हातात घेतला, घसा खाकरला आणि त्या जाड्या आवाजात म्हणाला, "मी कंदील वर धरते. सरका." आणि ओवी म्हटली. गायली नाही, दटावली. ठिणगी गुहेत शिरताना आधी डावा पाय टाकते, ते तर कागदावरही नव्हतं. तेसुद्धा त्याला ठाऊक. वहिनी घरी जाऊन सगळं सांगत असेल, असं लिंबूनं मनाशी धरलं.

तेव्हापासून साठीला टेकलेला हा भलाथोरला माणूस दर रविवारी तीन तास बाई होऊन बोलू लागला. 'मी जाते, मी बघते, मी त्याच्या नडगीवर लाथ घालते.' चुकून 'जातो' निघालं की समोरून पेन्सिल वाजायची, टक्! ती त्याची मुलगी. छापखान्यात मुद्रितं तपासते, म्हणून तिचं नाव वेलांटी. जो आपल्या पात्राचं क्रियापद चुकेल त्यानं कप धुवायचे, हा तिचाच नियम. पहिल्या महिन्यात सगळे कप दादानंच धुतले. मग जीभ वळली, आणि हळूहळू ठिणगीखेरीज इतर माणसांशीही तो बोलू लागला. पोस्टमनला टोमणे मारू लागला. जेवू लागला.

आणि तेव्हापासूनच लिंबू खोटं बोलू लागली.

उंबरठ्याचा फासा सूत्रधारानं पडद्याआड टाकायचा अशी पद्धत होती. पडदा म्हणजे नजर तपासायचे दोन जुने तक्ते, पुस्तकासारखे उघडून उभे केलेले. वरचं अक्षर पंजाएवढं, खालची ओळ मुंगीएवढी. त्याच्याआड फासा पडायचा आणि लिंबू फक्त सांगायची, 'आत' किंवा 'बाहेर'. पोस्टमनच्या बाबतीत ती पडेल ते सांगायची. ठिणगी पडली की मात्र चारला ती 'आत' म्हणायची. दोनलाही 'आत'. कारण ठिणगीचा कागद स्वर्गात गेला, तर ते मोत्यासारखं अक्षर डब्यात बंद होणार, आणि दादा पुन्हा लिफ्टच्या खड्ड्यात उतरून गप्प होणार, याची तिला पक्की धास्ती होती. नवीन पात्र घेऊन बसणाऱ्यांतला तो नव्हे. ठिणगी गेली की रविवार गेला.

आज वेलांटी आल्या आल्या वही उघडून बसली. मागच्याच रविवारी तिची धनुर्धारी गेली होती, आठ महिने जपलेली. तेव्हा तिनं कागद स्वतःच्या हातानं डब्यात ठेवला होता.

"आत्या, मला नियमात दुरुस्ती हवी आहे."

"चहा तरी होऊ दे."

"उंबरठ्याचा फासा उघड्यावर पडायला हवा. सगळ्यांच्या समोर, ज्याचं पात्र त्याच्या हातानं."

"का गं? माझ्यावर भरवसा नाही?"

"भरवसा आहे. पण पोस्टमनकाका बारा वेळा पडले, अकरा वेळा मेले. मी दोनदा पडले, एकदा मेले. आणि बाबा..." ती थांबली. "बाबांच्या ठिणगीला कुणी अमृत पाजलंय का?"

"माझं गणित चांगलं आहे," पोस्टमन म्हणाला, "फक्त नशीब गणितात कच्चं आहे. मी उघड्यावरच्या बाजूनं. निदान मरताना आकडा तरी दिसेल."

लिंबूनं आशेनं दादाकडं बघितलं. हा नाही म्हणेल. यानं नाही म्हटलं की दोनाला दोन, आणि मग सूत्रधाराचा शब्द शेवटचा.

दादानं बिस्कीट चहात बुडवलं, अगदी मोडायच्या बेताला बाहेर काढलं. "उघड्यावर टाका," तो म्हणाला.

पडदा मिटला. तक्ते भिंतीला टेकले. लिंबूला उघडंबोडकं वाटू लागलं.

तिनं आपल्या परीनं काळजी घेतली. आज डोंगर नको म्हणाली, बाजार ठेवला. बाजारात तंटा नको, म्हणून म्हातारे विक्रेते ठेवले. पण शूरसिंग बारावा हा बाजारातही मरणाची वाट शोधून काढणारा गडी. त्यानं म्हाताऱ्याशीच वाद घातला, म्हातारा निघाला मांत्रिक, आणि तासाभरात सगळा गट दोरांच्या पुलावर, मागं दगडी राक्षस.

"मी सगळ्यांना पुढं घालते," दादा म्हणाला. "कंदील घेऊन मी मागं थांबते."

"ठिणगी नेहमी पुढं असते, दादा."

"आज मागं. त्यांना पाय ठेवायला फळी दिसायला नको का?"

राक्षसाचा फासा उघड्यावर पडला. एकोणीस. ठिणगीचा जीव शून्य.

शटरखालून रस्त्यावरचे पाय येत-जात होते. दादानं तो लिंबाएवढा फासा तळहातावर घेतला, जरा तोलला, टाकला.

पंधरा. "आत," वेलांटी म्हणाली.

सात. "बाहेर."

बारा. "आत." पोस्टमननं टेबलावर थाप मारली.

चार. "बाहेर."

दोन आत, दोन बाहेर. दादानं फासा पुन्हा उचलला, आणि एक्कावन्न वर्षांची लिंबू खुर्चीवरून उठून, मूठ हवेत धरून ओरडली, "टॅम्प्लीज!"

तिघांनी तिच्याकडं बघितलं.

"हे कुठल्या कलमात आहे?" वेलांटीनं विचारलं.

"दादा, जरा आत ये. मशीन बघायचंय."

"मशीन रविवारी बिघडतं होय?" पोस्टमन म्हणाला, पण तोवर दोघं मागच्या खोलीत गेले होते.

खोलीत घासणीचं चाक उभं, बाजूला पाण्याची बाटली, ताटल्यांत अर्ध्या झालेल्या काचा. लिंबूनं दार ओढून घेतलं.

"दादा, मी म्हणते राक्षसाचा पाय फळीतून घसरला. सूत्रधाराला तेवढा हक्क असतो. फासा टाकायलाच नको."

"लिंबू."

"ऐक तरी! मला तुला काही..." समोरची काच उचलून ती पदरानं पुसायला लागली. "मी तीन वर्षं..."

"नऊ वेळा," दादा म्हणाला.

"काय?"

"नऊ वेळा तू खोटं बोललीस. म्हणजे मला दिसायला लागल्यापासून. त्याच्या आधीचं तुझं तुला ठाऊक."

लिंबूच्या हातातली काच तशीच राहिली. "दिसायला?"

"तुझ्यामागं फळीवर तो आरसा असतो ना, गिऱ्हाइकं फ्रेम लावून बघतात तो. टेबल मोकळं करताना तू दर रविवारी तिथं नेऊन ठेवतेस, मान खाली घातलेला. त्यात तुझा फासा दिसतो. उलटा दिसतो, पण चार तो चारच. आधी धूसर दिसायचा. मग तूच मला लांबचा नंबर करून दिलास." त्यानं आपला चष्मा बोटानं वर ढकलला. "फार छान केलायस. मुंगीसुद्धा दिसते."

जन्मभर आरशांत वावरलेल्या बाईनं आरशाकडं पाठ करून फासा लपवला होता. लिंबूला रडावं की हसावं कळेना.

"आठ," ती बारीक आवाजात म्हणाली. "चष्मा दिल्यापासून मी आठच मोजलेत."

"नऊ. एकदा तूच चष्मा लावला नव्हतास. सहाला तू 'नऊ' पुटपुटलीस, म्हटलीस 'बाहेर', मग माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, 'नाही नाही, आत.' ती तू दुरुस्ती धरलीस, पण नऊ असता तरी बाहेरच होता."

आता मात्र ती हसली, आणि हसता हसता नाक पुसलं. "मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुला ती हवी आहे. तिचं अक्षर, तिची ओवी. म्हटलं, लिंबूचा जीव रमतोय, रमू दे."

"मी तुझ्यासाठी करत होते, शहाण्या!"

"आणि मी तुझ्यासाठी बाई होऊन कप धूत होतो."

दोघं चाकाच्या दोन बाजूंना उभे राहिले. बाहेर पोस्टमन शूरसिंग तेराव्याचं काय काय ठरवत असल्याचं ऐकू येत होतं.

"दादा, ती गेली तर तू येणं बंद करशील."

"कुणी सांगितलं?"

"मला भीती वाटते."

दादानं ताटलीतली एक काच उजेडासमोर धरली. "तू रस्त्यात बसून रडली होतीस, आठवतं? मला पण औट करा म्हणून."

"आठवतं."

"मी तुला जपत होतो तेव्हा. पडशील, लागेल, आई मला बडवेल. तुला त्याचा एवढा राग का यायचा ते मला तुझा फासा दिसायला लागल्यापासून कळलं." त्यानं काच ठेवली. "राज्य नाही, औट नाही, नुसतं पळत राहायचं. दमायला होतं गं. तिलाही होत असेल. तिचा कागद आहे, तिच्या वहीतला नियम आहे. खरा फासा टाकू दे मला."

लिंबूनं हातातली काच ताटलीत ठेवली. तिनं दार उघडलं.

दोघं जागेवर बसले. वेलांटीनं बापाकडं बघितलं, मग आत्याकडं, आणि पेन्सिल नीट आडवी ठेवली. फासा टेबलावरून घरंगळत गेला, चहाच्या कपाला आपटला, एका कडेवर क्षणभर डुगडुगला, आणि बसला.

नऊ.

"बाहेर," लिंबूच म्हणाली. खरं बोलायला तिला वाटलं होतं त्याहून कमी श्वास लागला.

पोस्टमननं टोपी काढली. खेळात डोक्यावर नव्हती, ती आधी घातली आणि मग काढली. स्वर्गाचा डबा त्यानंच उघडून मधोमध ठेवला. "शूरसिंगांना सांगतो," तो म्हणाला, "सरकून घ्या म्हणावं, अंग चोरा जरासं."

त्यावर दादाच पहिल्यांदा हसला, म्हणून मग सगळ्यांनाच हसता आलं.

"सातवं कलम राहिलं," वेलांटी म्हणाली. तिनं वही जवळ ओढली आणि आईचं अक्षर वाचलं, सावकाश, एकही काना-मात्रा न सोडता. "मरणाऱ्याला एक वाक्य. ते आजवर न बोललेलं असावं. त्याला कुणी उत्तर देऊ नये."

शूरसिंगांनी या कलमाची नेहमीच चेष्टा केली होती. अकराव्याचं वाक्य होतं, 'कुणीतरी माझी पिशवी घ्या, आत चांगली चटई आहे.' तसंच काहीतरी येईल, म्हणून पोस्टमन ओठ दाबून तयार बसला. ठिणगी जाता जाता राक्षसाला चार शिव्या हासडेल, असं लिंबूला वाटलं.

दादानं कागद उचलला. 'विचारू नये' वरून अंगठा फिरवला, 'उकळता' वरून फिरवला, घडी घातली, पण डब्यात ठेवली नाही. त्यानं शटरकडं बघितलं. खालच्या फटीतून दुपारचा उजेड आत आला होता, आणि फटीबाहेर, त्या घटकेला, कुणाचेच पाय नव्हते.

"मी सहाला नाही गं यायचो," दादा म्हणाला.

वेलांटीची पेन्सिल सवयीनं वर गेली आणि तशीच हवेत थांबली.

"पाचलाच यायचो, स्कूटर कोपऱ्यावर लावून इथं शटरबाहेर उभा राहायचो, तासभर तुझं हसणं ऐकायचो, आणि सहा वाजले की स्कूटर आणून हॉर्न द्यायचो."